डेमँड्रेड नेमका कोण होता? ‘व्हील ऑफ टाइम’च्या लपलेल्या व्हिलनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधीच सांगून ठेवतो, खाली सगळं फोडलंय. चौदाच्या चौदा पुस्तकं अजून वाचून झाली नसतील तर इथूनच माघारी फिरा, मला राग येणार नाही, उलट तुमचा हेवाच वाटेल. टीव्ही सिरीज येऊन गेल्यापासून हेच दहा-बारा प्रश्न मला परत परत येतात, भाचीच्या कॉलेजातल्या पोरी विचारतात, कंपनीत शिफ्ट बदलताना नवीन ट्रेनी विचारतात, रंकाळ्यावर चालताना कोणतरी थांबवतं आणि म्हणतं की ते ताइमचं काय झालं ओ शेवटी. म्हणून एकदाच बसून लिहून काढतोय.

मी काहीच वाचलेलं नाही, फक्त नाव ऐकलंय. प्रकरण काय आहे?

रॉबर्ट जॉर्डनची फँटसी मालिका. पहिलं पुस्तक १९९० ला, चौदावं आणि शेवटचं जानेवारी २०१३ ला. मधे २००७ च्या सप्टेंबरात जॉर्डन गेले, मग त्यांच्या पत्नीनं, ज्या त्यांच्या एडिटरही होत्या, ब्रँडन सँडरसनला निवडलं आणि शेवटची तीन पुस्तकं त्यानं जॉर्डनच्या नोट्सवरून पुरी केली. कालचक्र फिरतंय, युगं येतात, जातात, परत येतात, चाकाला सात आरे आणि एकेक आरा म्हणजे एकेक युग. हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावंच लागत नाही, माझ्या आईला मी पहिल्या पुस्तकाची गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, मग त्यात नवीन काय, असंच असतंय की.

सगळ्यात वरचा व्हिलन डार्क वन, तो कैदेत. त्याच्या हाताखाली तेरा जण, त्यांना लोक फॉरसेकन म्हणतात, ते स्वतःला ‘निवडलेले’ म्हणवतात. जुन्या युगातले हे सगळे बलाढ्य लोक, तीन हजारावर वर्षं धन्याबरोबर कोंडलेले, आता त्या कैदेवरची सील कमजोर झाल्यावर सुटलेत आणि माणसांत मिसळलेत. आणि आपला हिरो रँड अलथोर हा ज्यानं त्यांना कोंडलं त्या लूज थेरिनचा, ज्याला ‘ड्रॅगन’ म्हणायचे त्याचा, पुनर्जन्म.

माणसांत मिसळलेत म्हणजे? ओळखू येत नाहीत?

नाही, आणि खरी मजा इथंच आहे. राहविन अँडोरच्या राणीजवळ लॉर्ड गेब्रिल म्हणून बसला, सॅमेल इलियानमधे लॉर्ड ब्रेंड, बेलाल टिअरमधे हाय लॉर्ड सॅमन, सेमिरहागे शॉनचान राजघराण्यात अनाथ नावानं, अस्मोडियन तर चक्क वाद्य वाजवणारा जेसिन नाटाएल. वन पॉवरनं, म्हणजे या जगातल्या जादूनं (ती वापरणं म्हणजे चॅनल करणं), चेहऱ्यावर दुसरा चेहरा चढवता येतो, त्याचे धागे उलटे विणले की दुसऱ्या चॅनल करणाऱ्यालासुद्धा दिसत नाहीत. आणि बाईनं विणलेले धागे तर पुरुषाला मुळातच दिसत नाहीत, पुरुषाचे बाईला नाहीत. त्यामुळे पुस्तकात एखादं नवीन पात्र आलं, थोडं जास्त शहाणं बोललं, की वाचणाऱ्याच्या मनात पाल चुकचुकते.

आपल्याला हा खेळ महाभारतापासून ठाऊक आहे. अज्ञातवासात भीम विराटाच्या मुदपाकखान्यात बल्लव होऊन राहिला, अर्जुन बृहन्नडा. मग कीचक मेल्याची बातमी हस्तिनापुरात पोचली आणि तिथं विचार काय झाला, की कीचकाला नुसत्या हातानं मारणारी माणसं पृथ्वीवर आहेतच किती, म्हणजे भीम तिथंच असणार. कृत्यावरून माणूस ओळखायचा. फॅन थिअरी याहून वेगळी काही नसते, फक्त आपण इथं दुर्योधनाच्या बाजूला बसून शोधत असतो.

डेमँड्रेडबद्दलच एवढी चर्चा का? बाकीचे बारा आहेत की.

कारण तो सगळ्यात शेवटपर्यंत सापडला नाही, आणि कारण तो सगळ्यात जवळचा दुश्मन होता. मूळ नाव बॅरिड बेल मेडार. लूज थेरिनच्या दुसऱ्या दिवशी जन्मला, जवळपास तेवढाच ताकदवान, तेवढाच हुशार सेनापती, आणि आयुष्यभर प्रत्येक गोष्टीत एक पायरी खाली. त्याच जळफळाटात तो अंधाराच्या बाजूला गेला. माझा मित्र म्हणतो तो कर्ण आहे. मला नाही पटत, कर्णाकडे द्यायला हात होता, दुर्योधनाशी इमान होतं, याच्याकडे नुसता हिशोब होता की त्याला काय मिळालं आणि मला काय नाही. पण दुसऱ्या नंबरचं दुखणं काय असतं ते दोघांनाही माहीत, एवढं मान्य.

तर हा माणूस सहाव्या पुस्तकाच्या, म्हणजे १९९४ च्या ‘लॉर्ड ऑफ केऑस’च्या सुरुवातीला डार्क वनसमोर उभा राहतो, हुकूम घेतो की गोंधळ माजू दे, आणि निघून जातो. कुठं जातो, कोण बनून जातो, सांगितलेलंच नाही. पुढं बैठकांना येतो, लढाईत क्षणभर दिसतो, पण त्याचा मुक्काम कुठं, सोंग कुठलं, ते १९९४ पासून २०१३ पर्यंत लपून राहिलं.

ताइमँड्रेड थिअरी म्हणजे काय? नीट सांगा, सगळे नाव घेतात पण कोण सांगत नाही.

नीट सांगतो, कारण ही माझी सगळ्यात आवडती थिअरी आहे आणि मी स्वतः ती कितीतरी वर्षं छातीठोकपणे मांडत होतो.

माझ्रिम ताइम. हा तोतया ड्रॅगन. ‘फॉल्स ड्रॅगन’ला मी कायम तोतयाच म्हणतो, पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला होता तसाच, लोक वाट बघत असतात आणि कोणतरी म्हणतं की तो मीच. ताइम साल्डियाचा, पकडला गेला होता, निसटला. आणि त्याच सहाव्या पुस्तकात, डेमँड्रेड हुकूम घेऊन निघाल्यावर थोड्याच पानांनी, हा ताइम रँडच्या दरबारात हजर. हातात काय घेऊन, तर डार्क वनच्या कैदेचं एक सील. रँडनं चॅनल करणाऱ्या पुरुषांना माफी जाहीर केली होती, हा ती घेतो आणि रँड त्याला नवीन पोरं शिकवायच्या कामाला लावतो, त्यातूनच पुढं ब्लॅक टॉवर उभा राहतो. म्हणजे हिरोचं सगळं सैन्य याच्या हातात.

आता पुरावे बघा. एक तर त्या काळी पुरुष चॅनल करायला लागला की सैदिनला, म्हणजे वन पॉवरच्या पुरुषांच्या अर्ध्या भागाला, लागलेल्या विषानं तो वेडा व्हायचा, हा वर्षानुवर्षं चॅनल करून ठणठणीत, आणि फॉरसेकनना त्या विषापासून संरक्षण होतं. दोन, दिसायला उंच, नाक बाकदार, दोघांचंही वर्णन तसंच. तीन, रँडच्या डोक्यात लूज थेरिनचा आवाज असतो, तो ताइमला बघितलं की पिसाळतो, मारून टाक म्हणून ओरडतो.

पण या सगळ्यापेक्षा मोठा पुरावा म्हणजे दोन शब्द. ताइम एकदा आयील लोकांबद्दल बोलताना ‘हे तथाकथित आयील’ अशा अर्थाचं बोलून जातो. आता विचार करा, आताच्या युगातला कुठलाही माणूस आयील म्हटलं की भाला घेतलेला, तोंडावर बुरखा ओढून मारायला येणारा योद्धाच समजतो, त्यात ‘तथाकथित’ काय असणार? पण तीन हजार वर्षांपूर्वी आयील हे शस्त्राला हात न लावणारे, अहिंसा पाळणारे, एस सेडाईंची, म्हणजे चॅनल करणाऱ्यांच्या संघाची, सेवा करणारे लोक होते. हे आत्ताचे आयील खरे आयील नव्हेतच, असं कुणाला वाटेल? ज्यानं ते जुने डोळ्यांनी बघितलेत त्यालाच. फॉरसेकन आपापसात बोलतानाही आयीलांबद्दल असंच बोलतात.

मी फौंड्रीत तपासणीला असतो, गोकुळ शिरगाव एमआयडीसीत. कास्टिंग वरून चकचकीत दिसतं, हात फिरवला तरी काही लागत नाही. मग डीपी टेस्ट करायची, म्हणजे लाल डाय मारायची, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, पुसून घ्यायचं आणि वरनं पांढरा डेव्हलपर मारायचा. जिथं तडा असेल तिथं आत मुरलेली डाय हळूहळू वर येते, पांढऱ्यावर केसासारखी लाल रेघ उमटते. ‘तथाकथित आयील’ वाचल्यावर मला तीच रेघ दिसली होती, मी बसमधे बसलो होतो, माझा स्टॉप निघून गेला.

आणि पुस्तकाचा शेवट तर बघा. डुमाईज वेल्सच्या लढाईत ताइम आपल्या पोरांना घेऊन येतो, एस सेडाईंना गुडघ्यावर आणतो, म्हणतो टेका नाहीतर टेकवले जाल. पान उलटलं की डेमँड्रेड डार्क वनसमोर, विचारतोय की मी काम बरं केलं नाही का. लागून. कोण म्हणेल की हे दोन वेगळे?

मग एवढं सगळं असताना ती थिअरी चुकली कशी?

चुकली. जॉर्डननं स्वतः वाचकांना सांगितलं होतं की ताइम म्हणजे डेमँड्रेड नाही. तरी लोक मानेनात, मीही मानलं नाही, लेखक शब्दांत खेळतोय असं वाटायचं.

खरं म्हणजे पुस्तकातही विरोधातलं होतं, आपण बघितलं नाही. लूज थेरिन ताइमवर ओरडतो हे खरं, पण तो चॅनल करणाऱ्या दुसऱ्या पुरुषांवरही ओरडतो, त्याला सगळेच नको असतात. डावराम बशीरनं साल्डियात ताइमचा पाठलाग केलेला, तो त्याला बघून ओळखतो, तर चेहरा खोटा असता तर मूळ ताइम गेला कुठं? आणि ज्या पात्रावर लेखक एवढी बोटं दाखवतोय ते पात्रच उत्तर असेल का, हा प्रश्न आम्ही विचारलाच नाही. आमच्यातला एकजण विचारायचा, त्याला आम्ही गप्प बसवायचो.

जॉर्डननं आधी ताइमलाच डेमँड्रेड करायचं ठरवलं होतं आणि वाचकांनी ओळखल्यावर बदललं, अशी चाहत्यांमधे जुनी समजूत आहे. मला छापून आलेलं पुस्तक धरूनच बोलायला आवडतं. छापून आलेल्या पुस्तकात ताइम हा ताइमच, अंधाराला विकला गेलेला, शेवटी बढती मिळून फॉरसेकनमधे बसलेला आणि एग्वेनच्या, म्हणजे रँडच्या गावच्या आणि पुढं एस सेडाईंची प्रमुख झालेल्या बाईच्या, हातून मेलेला. हेही काही कमी भयंकर नाही.

रोएड्रन थिअरी काय होती?

नंतरच्या पुस्तकात डेमँड्रेड म्हणतो की माझं राज्य पक्कं आहे, युद्धासाठी माणसं जमवतोय. मग लोक म्हणाले हा कुठंतरी राजा असणार, नकाशा काढा. मुरांडीचा राजा रोएड्रन, ज्याचं एरवी स्वतःच्या राज्यातही कोण ऐकत नव्हतं, तो अचानक फौज जमवायला लागला होता. तर्क बरा होता. पुरावा मात्र एवढाच.

तर मग खरा डेमँड्रेड कुठं होता?

शारात. आयील वेस्टच्या पलीकडं, नकाशाच्या पूर्वेला, परक्याला आत न घेणारा देश. चौदाव्या पुस्तकात एग्वेनची फौज आणि तिचा सेनापती गॅरेथ ब्राइन कँडोरच्या बाजूला ट्रॉलॉकांशी, म्हणजे डार्क वनच्या राक्षसांशी, लढतायत, आणि अचानक पाठीमागं गेटवे उघडतो आणि शाराची आख्खी फौज, चॅनल करणाऱ्यांसकट, बाहेर पडते. पुढं डेमँड्रेड. तिथं त्याचं नाव बाओ द वाइल्ड, तिथल्या भविष्यवाणीतला तारणहार बनून तो त्या लोकांचा देव झालेला, हातात साकार्नेन नावाचं, ताकद कितीतरी वाढवणारं सा’आंग्रियल. म्हणजे रँड इकडं जे ड्रॅगन म्हणून होता, तेच हा तिकडं होऊन बसलेला. तिथंही दुसऱ्याची नक्कलच केली बिचाऱ्यानं, आणि मला हे फार आवडलं. पन्हाळ्यावर १६६० मधे शिवा काशीद महाराजांचं रूप घेऊन मरायला पालखीत बसला, रूप घेणं म्हणजे काय असतं ते आम्ही लहानपणी गडावर जाताना ऐकलंय. याचं रूप घेणं नेमकं त्याच्या उलट, दुसऱ्याला वाचवायला नाही, दुसऱ्याची जागा खायला.

रणांगणात तो लूज थेरिनच्या नावानं हाका मारत राहतो आणि रँड तिथं नसतोच. एग्वेनचा नवरा गॅविन त्याच्याशी लढून मरतो, गॅविनचा सावत्र भाऊ गॅलाडचा हात जातो, आणि मग रँडचा जुना साथी, तलवारबाज लॅन येतो. लॅन स्वतः त्याची तलवार अंगात घेतो आणि त्याला मारतो. ते पान मी रात्रपाळीच्या सुट्टीत वाचलं, कँटीनमधे, समोरचा चहा थंडगार.

ही चिटिंग नाही का? शाराचा क्लू कुठं दिलेला होता?

हा प्रश्न रागानं विचारला जातो आणि राग बरोबर आहे असं माझं मत आहे, निम्मा तरी.

क्लू होता. सहाव्याच पुस्तकात सॅमेल ग्रेंडाल या दुसऱ्या फॉरसेकन बाईला भेटायला जातो तेव्हा तिनं नोकर म्हणून ठेवलेल्या दोघांमधे शाराचे राज्यकर्ते आहेत, शबोआन आणि शबोटे, तिनं त्यांना उचलून आणून मन पुसून पाळलंय. म्हणजे त्या देशाचं सिंहासन रिकामं. रिकाम्या सिंहासनावर कोण बसणार हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता. आम्ही ग्रेंडाल किती क्रूर आहे एवढंच बघून पुढं गेलो.

पण तरीही, वाचकाला शारा आतून कधी दाखवलाच नाही. ताइमचे पुरावे आमच्या मांडीवर आणून ठेवले आणि खऱ्या उत्तराचा एक धागा तिसऱ्याच बाईच्या दिवाणखान्यात सोडला. बाओची शारातली गोष्ट सँडरसननं लिहिली होती, पण ती मुख्य पुस्तकातून काढली आणि २०१३ लाच एका दुसऱ्या कथासंग्रहात वेगळी छापली. ती आत असायला हवी होती. ते वाचल्यावर तो माणूस कळतो, नुसता राक्षस राहत नाही. मी भाचीला ती गोष्ट आधी वाचायला दिली आणि मग चौदावं पुस्तक, आणि तिला डेमँड्रेड मेल्यावर वाईट वाटलं, मला नव्हतं वाटलं.

अस्मोडियनला कोणी मारलं? आणि ते उत्तर म्हणे पुस्तकात नाहीच?

आहे, पण कुठं आहे ते ऐका.

पाचवं पुस्तक, १९९३. लढाई संपलेली, अस्मोडियन राजवाड्यात वाईन शोधत फिरतोय, एक लहानसं दार उघडतो, समोर कोणतरी, तो दचकून दोन शब्द बोलतो, ‘तू? नाही!’, आणि मरतो. समोर कोण, पुरुष का बाई, काहीच नाही. जॉर्डन म्हणायचे की हे उघड आहे. उघड! सतरा वर्षं लोक भांडले. ग्रेंडाल, मोघेडियन, स्लेयर, ताइम, लॅनफिअर, लोकांनी तर बेला नावाच्या घोडीवरही संशय घेतला.

२०१० ला तेरावं पुस्तक आलं. आमच्या चौघांत एकच प्रत, ती माझ्याकडं आधी आली, मी तीन रात्रीत संपवली. शेवटच्या प्रकरणात ग्रेंडालला शिक्षा होते, तिच्यामुळं तीन निवडलेले संपले असं सुनावलं जातं, मी ते घाईत वाचलं, हिशोब लावला नाही, आणि पुस्तक मित्राला देऊन टाकलं, वर तक्रार केली की याही वेळी सांगितलं नाही. दोन दिवसांनी रात्री साडेअकराला त्याचा फोन.

“मागचं वाचलंस काय?”

“मागचं म्हणजे?”

“शब्दार्थाची पानं, शेवटची. ग्रेंडाल बघ.”

“पुस्तक तुझ्याकडं आहे की.”

त्यानं मला फोनवर वाचून दाखवलं. शेवटच्या पानांवरच्या शब्दसूचीत, सरळ, साधं, तिनंच अस्मोडियनला मारलं असं छापलेलं. सतरा वर्षांचा वाद एका नोंदीत. मी गॅलरीत उभा होतो आणि मला हसू पण येत होतं आणि छातीत धडधडत पण होतं. तेव्हापासून आमच्यात कोणी काही चुकवलं की ‘मागचं वाचलंस काय’ असं विचारायची पद्धत पडलीय.

मेसाना कोण होती?

तीही फॉरसेकन. सोंग डॅनेलचं, ब्राउन आजाची (आजा म्हणजे एस सेडाईंमधला गट). एस सेडाईंच्या मुख्यालयात, व्हाइट टॉवरच्या आतच, त्यांच्या पोटात. हे मात्र ओळखलेलं होतं, कितीतरी वाचकांनी आधीच डॅनेलवर बोट ठेवलेलं, कारण ती एकटी राहणारी, स्वप्नात असल्यासारखी, जिची कोणी मैत्रीण नाही अशी, म्हणजे बदल झाला तर ओळखणारं कोण नाही. लपायचं असेल तर असंच आयुष्य उचलावं. मेसानाला जुन्या युगात संशोधनाची जागा नाकारली होती, शिक्षिका व्हावं लागलं, त्या रागातून ती फिरली, आणि शेवटी लपली ती पुस्तकातच डोकं घालून बसणाऱ्या बायकांमधे. तेराव्या पुस्तकात एग्वेन तिला स्वप्नांच्या जगात हरवते.

व्हेरिनला या यादीत धरायचं का?

ती फॉरसेकन नाही, पण ओळख लपवण्यात तिच्याइतकं भारी कोणीच नाही, त्यामुळं धरायचंच. एस सेडाईंनी शपथ घेतलेली असते की खोटं बोलणार नाही. दुसऱ्या पुस्तकात व्हेरिन येऊन सांगते की मला मोरेननं पाठवलं. पुढं मोरेन, रँडला सुरुवातीपासून सांभाळणारी एस सेडाई, म्हणते मी कोणालाच पाठवलं नव्हतं. एवढंच. एक वाक्य, आणि त्यावर वाचक एकोणीस वर्षं, १९९० ते २००९, बसून राहिले की ती ब्लॅक आजाची, म्हणजे अंधाराला विकल्या गेलेल्या छुप्या गटातली, आहे का.

होती. पण आत शिरून त्यांचीच नोंद ठेवत होती, सत्तर वर्षं. तिची शपथ होती की मरणाच्या तासापर्यंत दगा देणार नाही, म्हणून ती आधी चहातून विष घेते आणि मग एग्वेनसमोर बसून सगळं सांगते, त्या तासात. सुरुवात करते ती कपड्याच्या रंगाबद्दल एक साधं सरळ खोटं बोलून, म्हणजे एग्वेनला कळावं की या बाईला ती शपथ बांधत नाही. मला सगळ्या चौदा पुस्तकांतला हा सगळ्यात आवडता प्रसंग आहे.

बाकी कोण कोण होतं, पटकन सांगा.

मोरिडिन म्हणजे इशामेल परत आलेला. सिंडेन म्हणजे लॅनफिअर. हलिमा म्हणजे बाल्थामेल, बाईच्या शरीरात घातलेला. दशिवा म्हणजे अजिनोर. यांतले बहुतेक वाचताना ओळखू येतात.

सिरीजमधे हे सगळं आहे का?

प्राइम व्हिडिओवर २०२१ ते २०२५ तीन सीझन झाले आणि मे २०२५ ला बंद केल्याचं जाहीर झालं. तिथं तेराऐवजी आठच फॉरसेकन ठेवले होते. गोष्ट शेवटपर्यंत गेलीच नाही, त्यामुळं शोधायला पुस्तकंच. ज्या पोरांना सिरीज आवडली त्यांना मी सांगतो की तुम्हाला राग आलाय ना बंद झाली म्हणून, मग पहिलं पुस्तक घेऊन जा माझ्याकडनं.

इंग्रजी झेपेल का? नावं लक्षात राहत नाहीत.

झेपतं. भाषा अवघड नाही, माणसं शेकड्यानं आहेत ही अडचण. एक दोनशे पानी वही करा. नवीन माणूस आला की नाव, कुठं दिसला, काय घातलेलं, कोणाला ओळखतो, कोण त्याला आधीपासून ओळखतं. हा शेवटचा रकाना सोडू नका, तोतया तिथंच सापडतो. माझी वही आणि ‘लॉर्ड ऑफ केऑस’ची प्रत शाहूपुरीतल्या मित्राकडं होती, २०१९ च्या महापुरात त्याच्या घरात पाणी आलं. वही गेली. पुस्तक राहिलं, फुगून दुप्पट झालंय, पहिली पन्नासेक पानं एकमेकांना चिकटलीत, नेमकी तीच जिथं डेमँड्रेड हुकूम घेतो. आम्ही ती सुटी करत नाही, राहू दे.

आता सगळं कळलं, म्हणजे शोधायला काहीच उरलं नाही?

उरलंय. तेराव्या पुस्तकात अविएंडा या आयील बाईला वाळवंटात नाकोमी नावाची एक बाई भेटते, तिच्याबरोबर जेवते, बोलते, आणि जाते. कोण ती? चौदाव्याच्या शेवटी रँडजवळ एक आयील पोशाखातली बाई येते, म्हणते बरोबर करतोयस, आणि गायब. तीच का? सांगितलेलं नाही.

आणि सगळ्यात शेवटचं पान. रँड आता मोरिडिनच्या शरीरात आहे, त्याचं स्वतःचं शरीर चितेवर. वन पॉवर त्याला आता जमत नाही. तो पाइपात तंबाखू भरतो, मनात आणतो की पेटावा, आणि पाइप पेटतो. कसा? माझा मित्र म्हणतो आता तो चाकाच्या बाहेर गेला. भाची म्हणते नाही मामा, आता चाकच त्याचं ऐकतंय. मी रविवारी परत ते पान काढून वाचलं, तिच्या बाजूनं एक शब्द सापडलाय, पण तो तिला मी अजून दाखवलेला नाही, ती चौदावं परत वाचतेय, मागची पानं धरून.